बोलावलं कोणी होतं ह्याला?

"ह्या कॉम्प्युटराला एकदा पुनवेला नेऊन आणायला हवा गो," काकी गडग्यापलीकडून म्हणाल्या. तुळशीला पाणी घालायचं अर्धवट टाकून आल्या होत्या. तांब्या अजून हातातच होता.

पेडण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. कोजागिरीला आमच्याकडे भगवतीच्या देवळाशी जी पुनव भरते, तिथे एखाद्याच्या अंगात काही शिरलेलं असेल तर ते उतरतं, अशी लोकांची श्रद्धा आहे. रात्रभर माणसांचा पूर लोटतो. काकींच्या कॉम्प्युटरात काय शिरलं होतं ते मात्र ऐकून घ्यायला हवं होतं.

"झालं तरी काय, काकी?"

"जत्रेची पत्रिका टाइप करतेय. बरं चाललेलं असतं आणि मध्येच उजवीकडून एक खिडकी सरकत येते. मी बोलावली नाही, मला नकोय. फुल्ली मारून घालवते. दोन ओळी लिहिल्या की परत हजर! आणि त्याहून मोठं सांगू? काल अभिषेकाच्या वर महाप्रसाद गेला."

"म्हणजे?"

"म्हणजे कार्यक्रम गो! सकाळी अभिषेक, मग पूजा, आरती, दुपारी महाप्रसाद, रात्री दशावतारी नाटक. सगळं ओळीने लिहिलेलं. वाचून बघते तर महाप्रसाद पहिला. देवाच्या आधी माणसं जेवली! समितीवाल्यांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, बाईंना चळ लागला."

काकी बांदोडकरांच्या काळात उघडलेल्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. अख्खं गाव त्यांना बाई म्हणतं, मी शेजारधर्माने काकी म्हणते. वाड्यावरच्या पत्रिका, समितीचे ठराव, मामलेदाराला द्यायचे अर्ज, सगळं त्यांच्या हातचं. गोव्यात देवस्थानांचा कारभार अजून १९३३ च्या पोर्तुगीज कायद्याच्या चौकटीत चालतो आणि मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो. तेव्हा कागदांना तोटा नाही.

सोप्यावरून काकांचा आवाज आला, "व्हायरस असणार. तो दुरुस्तीवाला पोर म्हणालाय, फॉरमॅट मारूया."

ह्या दुरुस्तीवाल्यांचं एक बरं असतं. आजार कुठलाही असो, औषध फॉरमॅट. मी काकांना म्हटलं, "थांबा हो जरा. काकी, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत जाताना तुम्ही काय दाबता?"

"काय म्हणजे? डावा ऑल्ट आणि शिफ्ट. तूच शिकवलंस."

मग चोर सापडला. मी घरी मुद्रितशोधनाची कामं घेते, त्यामुळे वर्डच्या खोड्या मला आता पाठ झाल्यात. त्यातली एक खास आपल्यासारख्या देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येते. निव्वळ इंग्रजीत टाइप करणाऱ्याचं बोट ऑल्टवर दिवसातून क्वचित जातं. आपलं मिनिटामिनिटाला जातं, कारण तारीख, ईमेल, फोन नंबर आला की भाषा बदलायची. आणि वर्डने ऑल्टला बरीच कामं लावून ठेवलीत. ऑल्ट दाबलेला असताना एखाद्या शब्दावर माउसची टिचकी पडली, की रिसर्च नावाचं पॅनल उजवीकडे उघडतं. शब्दाचा अर्थ शोधून द्यायला बिचारं धावत येतं. ऑल्ट धरून माउस ओढला, तर ओळीऐवजी उभा चौकोन निवडला जातो. आणि ऑल्ट-शिफ्ट सोडायच्या आत वरचा बाण दाबला गेला, तर कर्सर जिथे असेल तो अख्खा परिच्छेद एक पायरी वर सरकतो.

"म्हणजे महाप्रसाद मीच वर नेला?"

"तुमच्या करंगळीने नेला. भाषा बदलली आणि बोट उचलायच्या आत वर जायला बाण दाबला. दोनचारदा दाबला असेल."

काकींना हे पटायला वेळ लागला. मी गडगा ओलांडून गेले आणि त्यांच्यासमोर करून दाखवलं. ऑल्ट-शिफ्ट धरलं, वरचा बाण. दशावतारी नाटक आरतीच्या डोक्यावर जाऊन बसलं. खालचा बाण, खाली आलं. काकी खुर्चीतून पुढे वाकून बघत राहिल्या. "आणि मी त्या पोराला पैसे देणार होते," एवढंच म्हणाल्या.

उपाय सोपा आहे. भाषा बदलायला विंडोजची खूण असलेली कळ आणि स्पेसबार वापरायचा. विंडोज आठपासून हा रस्ता आहे आणि ह्या जोडीचं वर्डमध्ये दुसरं काही काम नाही. २०१९ पासून विंडोज दहामध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आपसूक येतो, त्यामुळे बाहेरून काही घालायचीही गरज उरली नाही. बोटाची जुनी सवय मोडायला चार दिवस लागतात, तेवढे सोसायचे.

"पण मग दुसरी खिडकी?" काकी म्हणाल्या. "डावीकडची. तीही येते कधी कधी, तिच्यात मी कापलेले-चिकटवलेले तुकडे एकाखाली एक दिसतात."

"तुम्ही कंट्रोल-सी किती वेळा दाबता?"

"दोनदा. एकदा दाबून झालं की नाही कळायचं कसं?"

हा अविश्वास फक्त काकींचा नाही, मी मोठमोठ्या कचेऱ्यांत पाहिलाय. काही मशिनींवर वर्डमध्ये खूण केलेली असते की कंट्रोल-सी लागोपाठ दोनदा दाबलं तर क्लिपबोर्डचं पॅनल दाखव. त्या पॅनलच्या तळाशी ऑप्शन्स म्हणून बटण असतं, तिथली खूण काढली की ते पुन्हा येत नाही. नुसती फुल्ली मारली तर आजच्यापुरतं जातं, येण्याचं कारण तसंच राहतं.

म्हणून मी काकींना एक शिस्त सांगितली. पॅनल आलं की आधी फुल्लीकडे हात न्यायचा नाही. त्याच्या डोक्यावर नाव लिहिलेलं असतं, ते वाचायचं. नॅव्हिगेशन म्हणत असेल तर कंट्रोल-एफ दाबलं गेलंय, काहीतरी शोधायला. रिव्हील फॉरमॅटिंग म्हणत असेल तर शिफ्ट आणि एफ-वन. आणि पॅनल आलं नाही, उलट वरची सगळी बटणंच गायब झाली, तर कंट्रोल आणि एफ-वन. तेच परत दाबायचं की रिबन खाली उतरते. ज्या बोटाने आलं, त्याच बोटाने जातं. काकांनी हे सगळं कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. काका फक्त लिहितात, वर्डला हात लावत नाहीत.

"पूर्वी असं नव्हतं हो," काका म्हणाले. "पर्रीकर मुख्यमंत्री असताना सरकारच्या सायबरएज योजनेतून आमच्या लेकीला कॉम्प्युटर मिळाला होता. त्यात वर्डवर एक डोळे मिचकावणारी क्लिप होती. तेवढीच."

"तेवढीच?" काकी उसळल्या. "पत्र लिहायला घेतलं की लगेच पुढे, पत्र लिहिताय का, मदत करू का? पोरगी तिला घालवायची आणि ती क्लिप खिडकीवर टकटक करून परत यायची!"

क्लिपबाईंची कुंडली मला ठाऊक आहे. ऑफिस ९७ मध्ये त्या आल्या. लोक एवढे वैतागले की २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये त्यांना सुरुवातीलाच झोपवून ठेवलं आणि २००७ मध्ये काढूनच टाकलं. पण त्याच ऑफिस एक्सपीने कडेला उघडणारं टास्क पेन आणलं. २००७ मध्ये जुने मेनू आणि टूलबार जाऊन रिबन आली. आणि आता २०२५ पासून घरगुती वर्गणीवाल्यांच्या वर्डमध्ये कोपायलट आलाय. ओळ रिकामी दिसली की कडेला त्याची खूण, लिहून देऊ का म्हणून. नको असेल तर फाइल, ऑप्शन्स आणि तिथे कोपायलट नावाच्या पानावरची खूण काढायची. मदत करण्याची ही हौस पंचवीस-तीस वर्षं जुनी आहे. दर वेळी ती कुठल्या बटणाने बंद होते तेवढं शोधायचं.

"डिचोलीत मात्र वेगळंच चाललंय," काकी म्हणाल्या आणि खुर्ची ओढून घेतली. खुर्ची ओढली म्हणजे लेकीच्या घरची गोष्ट.

काकींची लेक डिचोलीला दिलीय. जावई आधी खाणीवर हिशेबाला होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तशी त्याने मामलेदार कचेरीजवळ टायपिंग-झेरॉक्सचं दुकान टाकलं. कुळाचे, मुंडकाराचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, एक-चौदाचे उतारे लावून फाइल तयार करणं, असलं काम. दुकान बरं चालतं. पण गेले काही दिवस वर्ड उघडायलाच एवढा वेळ लागतो की गिऱ्हाईक बाहेर चहा पिऊन परत येतं. उघडलं की वर एक नवीनच टॅब, आणि मध्येच एक इंग्रजी संदेश. ओके म्हटल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

"तो म्हणतो, मी काहीच केलं नाही."

"खरंच म्हणत असेल," मी म्हटलं. "इथे बोटाचा दोष नाही. त्याने दुसरं काहीतरी घातलं असणार. पीडीएफ बनवायचं सॉफ्टवेअर, स्कॅनरची सीडी, भाषांतराचं काहीतरी. ते घालताना त्याने वर्डमध्येही स्वतःचा एक तुकडा बसवला. त्याला ॲड-इन म्हणतात."

"न विचारता?"

"विचारतात हो. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करताना कोण वाचतंय?"

मग फोन लावला जावयाला. स्पीकरवर, कारण काकींना ऐकायचं होतं. पहिली गोष्ट त्याला सांगितली ती ही, की वर्डच्या चिन्हावर टिचकी मारताना कंट्रोल दाबून धर. वर्ड विचारेल, सेफ मोडमध्ये उघडू का? हो म्हण. तो म्हणाला, "उघडला लगेच. वर सेफ मोड लिहून आलंय. तो टॅब नाही, मेसेजही नाही."

एवढ्यानेच अर्धा निकाल लागतो. सेफ मोडमध्ये वर्ड बाहेरचं काहीच बरोबर घेत नाही. तिथे नीट चालला म्हणजे वर्ड धडधाकट आहे, दुखणं बाहेरून आलेल्यात आहे. मग फॉरमॅट कशाला? वर्ड काढून परत घालायचीही गरज नाही. घातला तरी तोच ॲड-इन तिथेच बसलेला असतो, कारण तो दुसऱ्या सॉफ्टवेअरचा आहे.

आता साधा वर्ड उघडायचा. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स. तिथे चालू असलेले आणि बंद असलेले वेगवेगळ्या गटांत दिसतात. नुसतं बघून काही होत नाही. खाली मॅनेज म्हणून एक चौकट असते, तिच्यात कॉम ॲड-इन्स निवडून शेजारचं गो दाबायचं, मग खुणांची यादी येते. जावयाने वाचून दाखवली. त्यातली काही नावं त्याने जन्मात ऐकली नव्हती.

"सगळ्या खुणा काढ," मी म्हटलं. "रिमूव्ह दाबू नको, फक्त खुणा काढ. वर्ड बंद कर, उघड. ठीक आहे? आता एक खूण कर, परत बंद कर, परत उघड. ज्या खुणेला मेसेज परत येईल, तो तुझा माणूस."

काकी मध्येच म्हणाल्या, "सगळे एकदम बंद करून टाक ना, कटकट नको."

"आणि त्यातला एक त्याच्या रोजच्या कामाचा निघाला तर? पीडीएफ करायचं बटण गेलं की उद्या सकाळी तोच मला फोन करणार."

तसंही, एखाद्या ॲड-इनमुळे वर्ड कोसळला तर वर्ड स्वतःच त्याला पकडून डिसेबल्ड आयटम्समध्ये डांबून ठेवतो. कुणाचं नेहमीचं बटण अचानक नाहीसं झालं, तर त्याच मॅनेजच्या चौकटीत डिसेबल्ड आयटम्स उघडून बघावं. बऱ्याचदा ते तिथेच असतं.

जावयाची गाडी इथे थांबली नाही. मेसेज गेला, पण ॲड-इन्स नावाचा टॅब तसाच, त्यात जुन्या पद्धतीची चार बटणं. हा प्रकार जुन्या दुकानांत हमखास सापडतो. २००७ च्या आधीच्या काळातल्या टेम्प्लेटमध्ये टूलबार केलेला असतो. नव्या वर्डमध्ये टूलबारला जागा नाही, मग तो बिचारा ॲड-इन्सच्या टॅबमध्ये जाऊन बसतो. असली टेम्प्लेटं वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये असतात आणि वर्ड उघडताना आपोआप चढतात. वर्ड बंद करून ती फाइल तिथून उचलून दुसरीकडे ठेवली की टॅब जातो. तरीही गेला नाही तर शेवटचा संशयित नॉर्मल, म्हणजे ज्या टेम्प्लेटवरून प्रत्येक कोरं पान निघतं ते. त्याचं नाव बदलून ठेवायचं, वर्ड स्वतःहून नवं करून घेतो. जुनं फेकायचं नाही. आपले मॅक्रो, आपल्या शैली त्यातच असतात, अर्जाचे ठरलेले मायने पुन्हा टाइप करत बसावं लागेल.

"नॉर्मलला काय होतंय?" काकांनी विचारलं. नावावरूनच त्यांना ते निरुपद्रवी वाटलं असावं.

"काका, मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस जगभर पसरला तो वर्डच्या फाइलीतून. मॅक्रो होता. नॉर्मलमध्ये जाऊन बसायचा आणि पुढच्या प्रत्येक फाइलीला चिकटायचा. वर ईमेलच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःला पाठवायचा. म्हणून स्टार्टअपमध्ये किंवा नॉर्मलमध्ये कधी न पाहिलेलं काही दिसलं तर 'राहू दे, काय बिघडलं' म्हणायचं नाही."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी व्हायरस म्हणालो ते अगदीच चूक नव्हतं."

जावयाचं आणखी एक गाऱ्हाणं होतं. जुने अर्ज त्याच्याकडे जुन्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडच्या आधीच्या. ते उघडले की पानभर लाल नागमोडी रेघा, आणि ओळ सुरू करताना टाइप केलेलं पहिलं अक्षर आपोआप दुसरंच होतं. कारण त्या फॉन्टमध्ये दिसतं मराठी, पण आत कळा असतात इंग्रजी. वर्ड त्याला इंग्रजी समजून शुद्धलेखन तपासतो आणि वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो. छोट्या कळेच्या जागी मोठी कळ आली की देवनागरीत भलतंच अक्षर उमटतं. ऑटोकरेक्टमधली ती एक खूण काढली की अर्जदाराचं नाव शाबूत राहतं. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच करत जा, असं त्याला बजावलं.

फोन ठेवला. काकींनी चहा टाकला आणि आवाज खाली आणला. काकींचा आवाज खाली आला की समजावं, आता खरी बातमी.

"ह्या लाल रेघांवरून आठवलं. पलीकडच्या गावातलं कळलं तुला? जत्रेच्या पत्रिकेचं?"

मला कुणकुण होती. पण काकींकडून ऐकण्यात वेगळी मजा.

"तिथे मानकऱ्यांच्या नावांचा क्रम ठरलेला. वर्षानुवर्षांचा. ह्या खेपेला समितीत कुणाला तरी वाटलं, एक नाव गाळूया. गाळलं. फाइल गेली छापखान्यात. तिथल्या पोराने उघडली तर नाव तिथेच, मधून लाल रेघ मारलेलं! त्याला वाटलं हीच डिझाइन. प्रूफ काढलं आणि ते पोचलं नेमकं त्याच घरात."

"ट्रॅक चेंजेस चालू राहिलं असणार," मी म्हटलं. कंट्रोल-शिफ्ट-ई चुकून दाबलं गेलं तरी ते सुरू होतं. मग तुम्ही खोडता ते वर्ड खोडत नाही, खोडल्याची नोंद ठेवतो. वर्ड २०१३ पासून सिंपल मार्कअप आलं, त्यात लिहिणाऱ्याला पान स्वच्छ दिसतं. समासात एक बारीकशी लाल उभी रेघ, बस्स. तिच्याकडे लक्ष जात नाही. पुढच्याने ऑल मार्कअप लावून फाइल उघडली की सगळं बाहेर.

"एवढंच नाही गो. छापखान्यातल्या पोराने त्या रेघेवर बाण नेला तर नाव आलं आणि वेळ! सेक्रेटरीच्या मुलाचं नाव, रात्री पावणेबाराची वेळ. आता सेक्रेटरी म्हणतो, मला काही ठाऊक नाही, पोराने केलं. पोर म्हणतो, बाबांनी सांगितलं."

वर्ड प्रत्येक बदलाला बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ लावून ठेवतो. वकिलांच्या कचेरीत हे वरदान, गावच्या समितीत आग. रिव्ह्यूइंग पेन नावाचं जे पॅनल लोक वैतागून फुल्ली मारून घालवतात, त्यात ही सगळी यादीच असते. पॅनल बंद केल्याने यादी पुसली जात नाही. नो मार्कअप निवडलं तरी नाही, फक्त झाकली जाते. फाइल बाहेर पाठवायच्या आधी फाइलच्या इन्फो पानावर इन्स्पेक्ट डॉक्युमेंट म्हणून एक सोय आहे. आत काय काय राहिलंय ते ती सांगते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, बाकीची पॅनलं खुशाल घालवा, हे एक मात्र वाचल्याशिवाय बंद करू नका.

"मग आता त्यांनी करायचं काय?"

"प्रत्येक बदलापुढे दोन बटणं असतात, काकी. ॲक्सेप्ट केलं तर नाव गेलं. रिजेक्ट केलं तर नाव राहिलं."

"तिसरं?"

"तिसरं नाही."

काकींनी कपात चहा ओतला. "रविवारी बैठक लावलीय देवळात. महाजन, सेक्रेटरी, त्याचा पोर, सगळे. लॅपटॉप घेऊन यायला सांगितलंय म्हणे."

"काका जातील ना ऐकायला?"

"ह्यांना कशाला पाठवू?" काकी म्हणाल्या. "हे नुसतं लिहून आणतील. कोण कुणाला काय बोललं, ते कोण सांगणार? मीच जाते."